सिस्टरची सुनंदा

माणूस बरोबर बोलतो की चूक हे त्याच्या नाडीवरून ठरत नाही, हे मला मान्य आहे. तरी जवळजवळ तीन वर्षं मी त्या पद्धतीनं चाललो, कारण आमच्या रेल्वेच्या डब्यात दुसरी पद्धतच नव्हती. वाद तापला की सिस्टर बोलणाऱ्याचं मनगट धरायच्या, घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजायच्या आणि चारानं गुणून आकडा जाहीर करायच्या.

"शहाण्णव. तुमी आता चूप बसा. ऐंशीवर आले का बोला."

मग समोरच्याचं मनगट. ज्याचा आकडा कमी, त्याला बोलायची परवानगी. एकदा त्यांनी अठ्ठ्याण्णव सांगितले. मी म्हटलं, "सिस्टर, चारानं गुणून अठ्ठ्याण्णव येऊच शकत नाहीत." त्यांनी माझं मनगट धरलं. अकोला येईपर्यंत मला बोलता आलं नाही.

सिस्टर अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या, घर मात्र अमरावतीला. माझंही तसंच. कार्यालय अकोल्याला, सांख्यिकीचं, आणि घर अमरावतीला. आमच्याकडे अशांना अप-डाऊनवाले म्हणतात. सकाळी बडनेऱ्याला यायचं, पॅसेंजर धरायची, एकोणऐंशी किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी तेवढंच परत यायचं. सिस्टर येण्याआधी आम्ही चौघं-पाचजण मांडीवर सूटकेस आडवी ठेवून पत्ते खेळायचो. सिस्टर आल्या त्या दिवशी त्यांनी पत्ते गोळा केले, पिसले, माझ्या खिशात घातले आणि सूटकेसवर एक गोष्टीचं पुस्तक ठेवून "ऐका" म्हटलं. कुणी विरोध केल्याचं मला आठवत नाही. तो विरोध करण्यासारखा आवाज नव्हता.

पुस्तकाला कव्हर होतं एक्स-रेच्या फिल्मचं. सिस्टर सगळ्या पुस्तकांना जुन्या एक्स-रेची कव्हरं घालायच्या, वरची नावाची पट्टी कापून. "पान्यानं भिजत नाही, उंदीर खात नाही," असं त्यांचं म्हणणं. पुस्तक खिडकीपाशी धरलं की कुणाच्या तरी बरगड्या उजळायच्या. कोपऱ्यातला नवा प्रवासी दचकायचा, आम्हाला सवय झाली होती.

आमची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. खिडकीपासून मोजून त्यांनी आम्हाला बेडचे नंबर दिले होते. एक नंबर म्हणजे हायस्कुलातले मास्तर. चार नंबर सिंचन खात्यातले, अबोल. मी सहा नंबर. एखाद्या दिवशी मी तिसऱ्या जागेवर बसलो तरी सहा नंबरच. "पेशंट हलला म्हनून केसपेपर बदलत नाही," त्या म्हणायच्या.

आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसांना बालपुस्तक वाचून दाखवण्याचं कारण अगदी सरळ होतं. सिस्टर रोज दुपारी दोन वाजता, औषधं देऊन झाली की, वॉर्डातल्या मुलांना एक प्रकरण वाचून दाखवत. पण नवीन प्रकरण थेट मुलांना द्यायचं नाही, असा त्यांचा नियम.

"आधी तुमाले टेस्ट डोस. तुमाले काही रिअ‍ॅक्शन नाही आली, त मंग पोरायले."

रिअ‍ॅक्शन आली. तिसऱ्या वर्षी पुस्तकं होती 'चिंचबनचे पाचजण' या मालेतली, एकूण नऊ भाग. एका गावातली चार मुलं आणि सुनंदा नावाची एक मुलगी, असे ते पाचजण. चौघं काहीतरी अचाट ठरवतात. तेलाच्या रिकाम्या डब्यांचा तराफा करून तळ्यात सोडायचा, चुकलेलं गाढव शाळेच्या सामानाच्या खोलीत पाळायचं, असलं. सुनंदा सगळ्यात सामील असते, मेहनतही करते आणि ऐन वेळी म्हणते, "मी सांगणार आहे." मग जाऊन खरंच सांगते. हेडमास्तरांना, आईला, पोस्टमनला, जो भेटेल त्याला.

एक नंबरना ती डोळ्यांसमोर नको असायची. "ही पोट्टी माह्या वर्गात असती, त मी बदली मागतली असती," ते म्हणायचे.

चार नंबर, जे दोन वर्षांत तिकिटाशिवाय कशाबद्दल बोलले नव्हते, ते एके दिवशी उसळले. "काहून जी? डबे गळके होते. तराफा बुडालाच असता. पोट्टे मेल्यावर सांगायचं होतं काय तिनं?"

"अन् गाढव? गाढव कोनाले बुडवत होतं?"

दोघांचीही नाडी शंभर भरली आणि कुरुम स्टेशनपर्यंत दोघांनाही बोलायची बंदी झाली.

प्रकरण वाढत गेलं. टीसी साहेब पास तपासायला यायचे तर सिस्टर आधी विचारायच्या, "सुनंदाचं कसं वाटते तुमाले?" ते एकदा गाढवाचं आख्खं प्रकरण दांड्याला धरून उभ्यानं ऐकत राहिले आणि मूर्तिजापूरला उतरून गेले. त्या दिवशी त्या डब्यात कुणाचं तिकीट तपासलं गेलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, झालं तसं सांगतो.

मी वही ठेवली होती. वाद आकड्यांवर यावा अशी माझी इच्छा. पहिल्या पाच भागांत सुनंदानं सव्वीस वेळा सांगितलं. त्यातल्या नऊ वेळा कुणीतरी बुडता, पडता किंवा भाजता वाचलं. सतरा वेळा नुसती मजा गेली. हे वाचून दाखवल्यावर दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ते रोज बदलायचं. मी स्वतः चूक दिसली की बोलतो. कार्यालयात त्यामुळे माझ्या टेबलाकडे कुणी उगाच येत नाही. तेव्हा मी सुनंदाच्या बाजूनं असायला हवा होतो. पण ते गाढव खोलीत गुपचूप चणे खात असायचं, चौघं दाराला कान लावून बसलेले असायचे आणि ही हेडमास्तरांच्या दाराशी जाऊन श्वास घ्यायची, तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा. अशाच एका क्षणी माझ्या तोंडून निघालं, "वाजला भोंगा."

अकोल्याला मिलचा भोंगा ऐकत लहानपण काढलेले दोघेतिघे डब्यात होते. ते जे हसले, त्यांच्यामुळे बाकीचे हसले. सिस्टरच्या हातून पुस्तक पडलं. त्या दिवसापासून सुनंदानं श्वास घेतला की सगळा डबा एका सुरात म्हणायचा, "वाजला भोंगा." माझ्या आयुष्यात लोकांना आवडलेला मी केलेला हा एकमेव विनोद. घरी सांगितला तेव्हा बायको म्हणाली, "यात काय?"

सहाव्या भागापासून सुनंदा सुधारली. ती आता "मी सांगणार आहे" म्हणायची, पण जायची नाही. दोरी धरायची, कंदील धरायची, एकदा तर चौघांसाठी शिरा घेऊन आली. चार नंबर खुश. एक नंबर हिरमुसले, म्हणाले की लेखकाचं वय झालं असावं. मला वेगळीच गोष्ट खटकत होती. सिस्टरना एका पानाला दोन मिनिटं दहा सेकंद लागत. बारा पानांचं प्रकरण सव्वीस मिनिटं, म्हणजे ठरावीक स्टेशनावर संपायचं. आता प्रकरणं पंधरा मिनिटांत संपायला लागली. त्यांचा वेग तर तोच होता.

माझ्या मुलीच्या शाळेच्या वाचनालयात सहावा भाग मिळाला. ती सहावीत आहे आणि तिच्या मते सुनंदा 'चालते'. रविवारी सकाळी मी पुस्तक उघडून बसलो. प्रकरण बारा पानांचंच होतं. शिरा कुठेच नव्हता. छापलेल्या पुस्तकात सुनंदा सरळ हेडमास्तरांकडे गेली होती.

सोमवारी बडनेऱ्याच्या फलाटावर मी सिस्टरना बाजूला घेतलं.

"सिस्टर, तुम्ही पानं गाळता."

"कोन म्हनते?"

"घड्याळ. आणि शिरा तुम्ही घातला."

त्यांचा हात माझ्या मनगटाकडे आला. मी दोन्ही हात खिशात घातले.

"पुस्तक छापलंय तसंच वाचलं पाहिजे," मी म्हटलं.

"अन् भोंगा छापला होता काय, सहा नंबर?"

नव्हता. मग त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या डब्यातला डोस वॉर्डात जाताना त्या पुस्तकाबरोबर आमचे शेरेही नेत. मुलांना ते पुस्तकाइतकेच आवडत. भोंगा तर फारच आवडला. त्यांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या बेडवर एक नऊ वर्षांची मुलगी होती, अकोटकडच्या खेड्यातली. जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडावरून पडून पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. ती आल्या दिवसापासून सगळं सांगायची. कुणी थर्मामीटर चहात बुडवला, कुणी दूध मांजरीला पाजलं. दोन दिवसांत आख्खा वॉर्ड तिला भोंगा म्हणायला लागला. ती तोंड उघडायची आणि तेरा पोरं म्हणायची, वाजला.

"मंग तिनं बोलनंच बंद केलं. मले वाटलं, समजदार झाली. मीच म्हनलं, शाबास." सिस्टर फलाटाकडे बघत बोलत होत्या. "आतून पाय सुजला, प्लास्टर आवळलं. दिवसभर पोट्टी दात आवळून पडून. चादर बदलाले गेली तवा मले बोटं दिसले, काळेनिळे. डॉक्टरले बलावून कापलं लगेच, म्हनून निभावलं. म्हनलं, काहून नाही सांगतलं व माय? त म्हने, भोंगा म्हनतात."

गाडी आली. आम्ही दोघंही चढलो नाही. म्हणजे चढायचं राहूनच गेलं. मागे एक्सप्रेस होती तिनं गेलो, पासवर चालत नसल्यामुळे वेगळं तिकीट काढून.

"आता पाय ठीक आहे," एक्सप्रेसमध्ये त्या म्हणाल्या. "पन थे अजून बोलत नाही. अन् सांगनारं लेकरू चूप बसलं, त वॉर्ड कसा चालवू मी? माह्याकडं चौदा बेड हायेत अन् दोनच डोये. म्हनून सुनंदाले सुधरवून राहिली. सुनंदा चांगली झाली, त हिले कोन काय म्हनन?"

मी म्हटलं, त्यापेक्षा खरं सांगावं.

"त या मंग. गुरुवारी दोन वाजता. तुमीच सांगा पोरायले, भोंगा कोनाचा. अन् मतं बी मोजा, तुमाले मोजाचा शौक आहे."

अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी 'वाचन' लिहिलं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

वॉर्डात चौदा बेड होते, सगळे भरलेले. भिंतीवर ससे रंगवलेले होते, त्यातल्या एकाच्या कानाला कुणीतरी खऱ्या पट्टीचं ड्रेसिंग केलं होतं. सिस्टरनी माझी ओळख करून दिली, "हे सहा नंबर." मुलांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. चार नंबरच्या बेडवरचा हात बांधलेला मुलगा फक्त म्हणाला, "सहावर त चिंटू आहे." चिंटूनं हात वर केला.

अकरा नंबर भिंतीकडे तोंड करून होती. दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली.

मी उभा राहून सांगितलं की भोंगा हा शब्द माझा आहे, मी तो गाडीत हसण्यासाठी काढला आणि तो कुणालाही म्हणू नये. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चार नंबरनं विचारलं, "काका, तुमाले अजून शब्द येतात काय?" माझ्या भाषणाचा एकूण परिणाम एवढाच.

सिस्टर घाईनं स्टुलावर बसल्या आणि वाचायला लागल्या. अकरा नंबरनं मान तेवढी वळवली. पाचजणांनी शाळेच्या गच्चीवर घारीचं पिल्लू पाळलं होतं. सुनंदा त्याच्यासाठी रोज आपल्या डब्यातलं काहीतरी आणायची, हे छापलेलं होतं. ते पिल्लू तिच्या हातावर बसायचं, हेही. पुढे काय होणार ते मला माहीत होतं. पुढची दोन पानं सुनंदाची सगळ्यात वाईट पानं होती. सिस्टरनी जिभेला बोट लावलं, दोन पानं एकदम उलटली आणि आवाज न बदलता म्हणाल्या, "अन् मंग सुनंदानं पिल्लाले पानी पाजलं."

मी पाहिलं. मी बोललो नाही. तेवढीच वेळ होती बोलायची आणि मी बुटांकडे पाहत उभा राहिलो.

"सिस्टर."

आवाज भिंतीकडून आला, अगदी बारीक.

"काय व माय?"

"तुमी दोन पानं एकदम उलटले."

सगळी तोंडं सिस्टरकडे वळली.

"नाही व," सिस्टर म्हणाल्या. चक्क खोटं बोलल्या. कान लाल झाले होते.

"उलटले." मुलगी कोपरावर उठून बसली. "मी पाह्यलं. काल बी तीन उलटले. परवा बी. अन् शिऱ्याचं तुमी मनानंच सांगतलं, तवा तुमी पुस्तकात पाहतच नोयत्या, खिडकीत पाहत होत्या."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी वही काढली. "काल तीन बरोबर आहे," मी म्हटलं. "परवा पाच. शिरा पुस्तकात नाही."

मग चार नंबर पलंगावर उभा राहिला, बांधलेल्या हातासकट. "सिस्टर लबाड," तो म्हणाला, हळू आवाजात, जणू एवढी मोठी गोष्ट मोठ्यानं बोलायची नसते. पण पुढच्या पलंगावरून ती मोठ्यानं आली. मग सगळीकडून. "सिस्टर पकडल्या गेल्या. सिस्टरनं चोरी केली." ताटं वाजली. चिंटूला हसता हसता ठसका लागला. सलाईन लावलेल्या मुलीनं मोकळ्या हातानं पलंगाची कड बडवली. फेकलेल्या उशा पडल्या त्या मी उचलल्या, पाच. आणि सिस्टर, ज्यांच्या एका नजरेनं टीसी गप्प व्हायचा, त्या स्टुलावर बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना थांबता येत नव्हतं.

"अजून कुठं सोडले व? सांग ना," चार नंबर अकरा नंबरकडे वळून म्हणाला.

"हो, सांग. सगळं सांग."

तिनं एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं. मग सांगितलं. प्रकरणवार, पानवार, सिस्टर कुठे अडखळल्या, कुठे चष्मा पुसायचं निमित्त करून पान लपवलं, सगळं. माझ्या वहीत जे होतं त्यापेक्षा दोन ठिकाणं जास्त होती. मी ती लिहून घेतली.

मुलांनी निकाल दिला की सोडलेली पानं आत्ता वाचायची. सिस्टरनी वाचली, छापली होती तशी. सुनंदा गच्चीवरून खाली उतरली, हेडमास्तरांच्या खोलीपुढे उभी राहिली आणि पिल्लाची बातमी सांगितली. शिपाई पिल्लू टोपलीत घालून घेऊन गेला. वॉर्डात हाय हाय झालं. जवळजवळ सगळी मुलं सुनंदाला वाट्टेल ते बोलत होती. त्यात सर्वांत वरचा आवाज अकरा नंबरचा. "लय खराब पोट्टी आहे थे," ती म्हणाली. "पिल्लू काय करत होतं तिचं?"

"अन् तू काय करते व?" चिंटूनं विचारलं.

"मी पिल्लाचं नसतं सांगतलं. तुह्यं सांगतलं असतं."

चिंटूला हे पटलेलं दिसलं.

मग मी मतं मोजली. सुनंदा आवडते असे हात चार. आवडत नाही असे नऊ. एक मूल एवढ्या गोंधळातही झोपलं होतं. सिस्टरनी सहा दिवस खपून सुधारलेली सुनंदा साफ पडली होती. मी आकडे वाचून दाखवले आणि सिस्टरना काहीतरी बरं वाटेल असं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो.

"सिस्टर," अकरा नंबर म्हणाली.

"आता काय सोडलं मी?"

"काही नाही. माह्या टाचेपाशी दुखून राहिलं. आतून."

सिस्टर उठल्या. पुस्तक माझ्या हातात आलं, बरगड्यांसकट. त्यांनी तिच्या पायाची बोटं एकेक करून दाबली, रंग बघितला, नव्या प्लास्टरच्या कडेतून बोट घालून पाहिलं. "कवापासून?"

"जेवल्यापासून."

"अजून?"

"मांडीपाशी खाजते."

"अजून?"

वॉर्डात कुणी हसलं नाही. सगळे ऐकत होते. सिस्टरनी केसपेपर ओढला आणि लिहायला लागल्या. त्यांचं हसू कानापर्यंत गेलं होतं. कुणाच्या दुखण्याची यादी इतक्या आनंदानं लिहून घेतलेली मी कधी पाहिली नाही.

"उशी कडक आहे. अन् वरन खारट होतं. अन् चार नंबरनं सकायची गोळी गादीखाली ठेवली."

सगळ्यांनी चार नंबरकडे पाहिलं. त्यानं मोठा उसासा टाकला, चांगल्या हातानं गादी उचलली, गोळी काढली आणि सिस्टरच्या हातावर ठेवली.

"अजून?" सिस्टरनी विचारलं.